संच्याचा हिशेब

वैशाखात कासारवाडीला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पुण्या-पिंपरीतील बहुतेक घरांत आइस्क्रीम हा रात्रीच्या जेवणानंतरचा विषय. चौविहार पाळणाऱ्या घरात मात्र सातच्या आत वाट्या रिकाम्या व्हाव्या लागतात. म्हणून तेथे संचा लावायचा तर घड्याळ उलटे मोजावे लागते. पाचला हातात मूठ, चारला बर्फ दारात, आणि दूध सकाळीच आटवून पूर्ण गार झालेले. ज्यांचा बर्फाचाच त्याग आहे, त्यांच्यापुरता हा विषय येथेच संपतो. बावीस अभक्ष्यांत हिमाची गणना आहे आणि त्या नियमाशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु जे खातात, त्यांनी निदान काय खातो हे जाणून खावे.

संच्याची रचना सोपी आहे. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात फिरणारे पाते. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या महिलेने १८४३ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. बर्फ शून्य अंशाला वितळतो, तेवढ्या गारव्याने गोड दूध गोठत नाही. त्यात जाडे मीठ मिसळले की बर्फ अधिक वेगाने वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने, म्हणजे डब्यातील दुधातून, ओढून घेतो, आणि खारे पाणी शून्याच्या बरेच खाली उतरते. चार भाग बर्फाला एक भाग मीठ पुरते. पाते अखंड फिरत राहिल्याने बर्फाचे स्फटिक मोठे होत नाहीत. फ्रिजमध्ये केलेले आइस्क्रीम दाताखाली करकरते, त्याचे कारण हेच: ते सावकाश आणि निश्चल गोठते.

औद्योगिक पट्ट्यात बर्फ विकत घेताना एक गोष्ट पाहावी. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. असा बर्फ बादलीत चालेल, डब्यात त्याचा थेंबही जाता कामा नये. झाकण उघडण्यापूर्वी वरचे खारे पाणी पुसून घेण्याची आजीबाईंची शिस्त म्हणूनच सोडू नये.

आता हिशेब. ६ टक्के स्निग्धांशाचे १ लिटर दूध म्हणजे सुमारे १,०३० ग्रॅम. त्यात स्निग्धांश ६२ ग्रॅम. ते ६०० ग्रॅम उरेपर्यंत आटवावे, १०० ग्रॅम साखर व २५ टक्क्यांचे १०० ग्रॅम क्रीम घालावे, वेलची-केशर आवडीप्रमाणे. एकूण ८०० ग्रॅम मिश्रण, स्निग्धांश ८७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. आइस्क्रीम म्हणवून घेण्यास कायद्याने किमान १० टक्के दुधाचाच स्निग्धांश लागतो. घरचा संचा या परीक्षेत सहज उतरतो.

मात्र याच ८०० ग्रॅमचे आकारमान पाऊण लिटरही भरत नाही, आणि खरी गंमत येथे आहे. आइस्क्रीम विकले जाते लिटरवर. एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे, एवढेच नियम सांगतो. म्हणजे हेच मिश्रण कारखान्यात हवा भरून दीड लिटर होऊ शकते, आणि तरीही ते पूर्णतः कायदेशीर! ही हवा लबाडी नव्हे. तिच्याविना आइस्क्रीम विटेसारखे कडक होईल. संचाही थोडी हवा मिसळतोच. पण धान्य-किराणा वजनाने तोलणाऱ्या व्यापारी घराने डब्यावरील लिटरशेजारचा ग्रॅमचा आकडा वाचू नये, याचे नवल वाटते.

दुसरा शब्द ‘फ्रोझन डेझर्ट’. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरता येते. या भेदावर बोट ठेवणाऱ्या अमूलच्या जाहिरातीविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हर २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. दोन्ही पदार्थ विकणे कायदेशीर आहे. कोणता घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवावे, त्यासाठी बारीक अक्षरे वाचावीत.

हिरवा ठिपका जिलेटिन आणि अंड्याची शंका दूर करतो, कंदमुळाची नाही. बटाट्याचा स्टार्चही त्या ठिपक्यात निर्वेध बसतो. उलट ४१२ हा आकडा दिसला तर दचकू नये. तो राजस्थानातील गवारीच्या बियांचा डिंक. घरच्या मिश्रणात यांपैकी कशाचीच गरज नसते, कारण ते त्याच दिवशी संपवायचे असते.

आंब्याचे करायचे असेल तर मुदत आणखी आखूड. साधारण २२ जूनला आर्द्रा नक्षत्र लागते, आणि ज्या घरांत आर्द्रेनंतर आंबा वर्ज्य असतो, तेथे फ्रीजरमधील रसही तोवर संपवावा लागतो. रस शेवटी, मिश्रण अर्धे घट्ट झाल्यावर घालावा.

पावणेसातला झाकण निघते. पात्याला चिकटलेले आइस्क्रीम कोणी खायचे, यावर मुलांचे भांडण ठरलेले. बादलीतील खारे पाणी मात्र कुंड्यांत ओतू नये, झाडे जळतात; ते भरपूर साध्या पाण्यासह मोरीत सोडावे, आणि संचा गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर चढवावा, नाहीतर पुढच्या वैशाखात डबा गंजलेला निघतो.