बेडसोर झाला तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. आपल्या शहरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. आठव्या दिवशी डायपर बदलताना बहिणीला माकडहाडाच्या वर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. सिस्टरला विचारलं, तर म्हणाल्या, "वय झालंय ना दादा, झोपून राहिलं की बेडसोर होतोच." आई तीन महिन्यांत वॉकर धरून चालायला लागली. ती जखम भरायला मात्र पाच महिने गेले.

तो "होतोच" मला अजून खुपतोय.

कारण याच महाराष्ट्रात अरुणा शानबाग होती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला ती गेली तोपर्यंत तिथल्याच एका खोलीत अंथरुणावर होती. २०११ मध्ये तिचं प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. दयामरणावरचा निकाल म्हणून तो सगळ्यांना आठवतो. पण इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोर नाही, हेही त्या वेळी सांगितलं गेलं होतं. ३७ वर्षं, आणि एकही नाही! केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यानपिढ्या तिला धुतलं, पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं. औषध म्हणाल तर एवढंच.

ही जखम होते कशी ते बघा. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथलं रक्त थांबतं. तुम्ही-आम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. लकवा झालेला, भूल उतरलेली नसलेला, व्हेंटिलेटरवरचा माणूस बदलू शकत नाही. अशा पेशंटची दोन तासांतसुद्धा सुरुवात होऊ शकते. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू या ठरलेल्या जागा. त्यात डायपर ओला, शुगर वाढलेली, चार दिवस पोटात नीट अन्न नाही, आणि वर सरकवताना उचलण्याऐवजी चादरीवर ओढलेलं. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसतही नाही. हात लावून बघावं लागतं, जागा गरम किंवा टणक लागते का.

आणि हे किती जणांना होतं? जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२० मध्ये मांडला गेला, पंचवीस लाखांवर पेशंटचा. हॉस्पिटलात भरती असलेल्या मोठ्या माणसांत शंभरातल्या सुमारे तेरा जणांना असे व्रण होते. काहींचे घरूनच आलेले, पण शंभरात आठेक जणांना ते हॉस्पिटलातच झालेले. यात श्रीमंत देशही आले. अगदी शेवटच्या अवस्थेतल्या काही पेशंटना कितीही जपलं तरी जखम होते, हेही खरं. पण बहुतेक जखमा टळू शकतात.

मग टळत का नाहीत? साधं गणित करा. ३० खाटांचा वॉर्ड, त्यात स्वतःहून न हलू शकणारे दहा पेशंट. एकाला वळवायला, चादर नीट करायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. दहा जणांचे झाले पन्नास मिनिटं, दर दोन तासांनी, रात्रभर. रात्रपाळीला दोन सिस्टर असतील तर सलाईन, इंजेक्शन, नवीन भरती आणि फाईल कोण बघणार? शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन खाटांमागे एक नर्स हवी, इतर हॉस्पिटलात पाचांमागे एक, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. आपल्या घाटीत पावणेबाराशे खाटा, आणि पेशंट जालना, बीड, परभणी, हिंगोली, पार बुलढाण्याहून येतात. तिथल्या सिस्टरला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. अरुणासाठी जे जमलं ते एका पेशंटसाठी, तेही आपलीच सहकारी म्हणून. तेवढी माया वॉर्डातल्या प्रत्येकाला मिळायची तर पदं भरावी लागतात.

ती भरत नाहीत म्हणून काम येतं नातेवाइकावर. तो खाटेखाली सतरंजी टाकून पडलेला असतो, आणि कूस कशी बदलायची हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. मग तो लाल जागेवर तेल चोळतो (आम्हीही चोळलं), गोल रबरी रिंग आणून खाली ठेवतो. दोन्हींनी नुकसानच होतं. हवेची गादी आणली तरी वळवणं सुटत नाही.

आता मुद्द्याचं. एनएबीएचची पाटी लावणाऱ्या हॉस्पिटलांना बेडसोरचा हिशेब ठेवावाच लागतो. पण तो फाईलमध्ये राहतो. रिसेप्शनवर गुडघा बदलायच्या पॅकेजचा फ्लेक्स लागतो, तिथेच हा आकडाही लावा ना. सरकारी दवाखान्यांनीही दर महिन्याला जाहीर करावा. आकडा वाढलेला दिसला, की सिस्टरांच्या रिकाम्या जागांबद्दल आमदारांना विचारायला आमच्यासारख्यांच्याही हातात काहीतरी येईल.

तोवर मी एक करतो. ओळखीतलं कुणी भरती झालं की डिपॉझिट भरायच्या आधी काउंटरवर विचारतो, रात्री या मजल्यावर पेशंट किती आणि सिस्टर किती? दोन ठिकाणी उत्तर मिळालं, एका ठिकाणी "तुम्ही कोण?" असं विचारलं. तुम्हीही विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. हॉस्पिटलचं नाव नाही टाकलं तरी चालेल, आकडे टाका.