शेजारच्या हौदातील डास

पावसाळा आला की शहरोशहरी धूरफवारणीची यंत्रे गल्लीबोळांतून फिरू लागतात. धुराच्या लोटामागे पोरे धावतात, खिडक्या पटापट मिटतात आणि काहीतरी घडले, असे समाधान नागरिकांस व नगरपालिकेस एकाच वेळी लाभते. चार दिवसांनी डास पुन्हा हजर! मग औषधात भेसळ आहे, कर्मचारी कामचुकार आहेत, अशी ओरड सुरू होते. ती सर्वस्वी खोटी असेलच असे नाही. परंतु मूळ दोष औषधाचा नसून विचाराचा आहे. धूर उडत्या डासाला मारतो. पाण्यातील अळीला त्याची झळही लागत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

डास सर्वत्र सारखेच पसरलेले असतात, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. शहरी हिवताप पसरविणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरी, गच्चीवरील टाक्या, बांधकामावरील हौद अशा साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंगीचा एडिस पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फेकलेल्या टायरात अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. हत्तीरोगाचा क्युलेक्स गटारात सुखाने नांदतो. शिवाय एकाच जातीला सर्व पाणवठे सारखे मानवत नाहीत. रस्त्यावरचे डबके अळ्या मोठ्या होण्यापूर्वीच आटून जाते. झाकण नसलेली टाकी मात्र बारमाही डास पुरविते. म्हणजे काही जागा डासांचे उगम असतात, तर काही केवळ बाहेरून येणाऱ्या डासांवर भरलेल्या दिसतात. जेथे डास चावतो तेथेच तो जन्मला, असे मानून चालणारा बंदोबस्त निष्फळ ठरावा, यात नवल नाही.

हा विचार आजचा नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील परिषदेत नेमका हाच प्रश्न गणिताने मांडला होता. दिशाहीन भटकणारे बहुतेक डास जन्मस्थानाच्या आसपासच मरतात. म्हणून पुरेसा मोठा प्रदेश स्वच्छ केला तर त्याच्या मध्यभागी डास विरळ होतात. सीमेवर मात्र बाहेरचे येतच राहतात. यातून निघणारा निष्कर्ष उघड आहे. एखाद्याच सोसायटीने आपले आवार कितीही घासूनपुसून ठेवले, तरी ते सारे आवार म्हणजे सीमाच होय.

अर्धवट उपायांत आणखी एक धोका आहे. दाटीवाटीच्या पाण्यात कित्येक अळ्या उपासमारीनेच मरतात. त्यांतील निम्म्या आपण मारल्या, तर उरलेल्यांना भरपूर अन्न मिळते आणि डासांची संख्या निम्म्याने घटत नाही.

मुंबईला हा धडा जुना आहे. १९११ साली डॉ. बेंटले यांच्या अहवालाने शहरातील हिवतापाचा संबंध घरोघरच्या विहिरींशी जोडला. विहिरी बुजविण्यास धार्मिक भावनेपोटी विरोधही झाला. आडात असेल ते पोहऱ्यात येणारच, हे पटवून देणे तेव्हाही सोपे नव्हते. देशाचा अनुभवही असाच आहे. १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण वर्षाला एक लाखावर आले होते. ढिलाई झाली, कीटकनाशके निष्प्रभ होऊ लागली आणि १९७६ साली हाच आकडा ६४ लाखांवर गेला. आपल्या उपखंडातील स्टीफेन्सी २०१२ साली आफ्रिकेतील जिबुटीत प्रथम आढळला. तेथे त्या वर्षी हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली ते ७३ हजारांहून अधिक झाले. डास स्वतः फार दूर उडत नाही. माणसाची वाहतूक त्याला दूर नेते आणि माणसाच्याच टाक्या त्याला ठाव देतात.

तेव्हा करावयाचे काय? संपूर्ण प्रभाग हाच एक घटक मानून एकाच आठवड्यात सर्व पाणवठे तपासले पाहिजेत आणि वारंवार सापडणाऱ्या उगमस्थानांची यादी जाहीर झाली पाहिजे. त्या यादीत सरकारी इमारतीही असाव्यात. अंडे ते डास या प्रवासास उन्हाळ्यापावसाळ्यात साधारणतः आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासण्याचा कोरडा दिवस सर्वांनी मिळून पाळल्यासच उपयोगी पडेल.

मात्र दोषाची वाटणी न्यायाने व्हावी. चाळीतील गृहिणी पिंप भरून ठेवते ती हौसेने नव्हे, नळाला तासभरच पाणी येते म्हणून. तिला नोटीस बजावणे सोपे. बांधकामाच्या तळघरात महिनाभर पाणी साठवणाऱ्या कंत्राटदारास जाब विचारणे कठीण. नियमित पाणीपुरवठा हाही डासनिर्मूलनाचाच भाग आहे, हे नगरपालिकांनी मान्य केले पाहिजे. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचा संकल्प सरकारने सोडला आहे. डासाला कुंपण कळत नाही. निदान आपल्या कारभाराने तरी बंदोबस्त कुंपणापाशी थांबवू नये.