एका वेळी एकच चाक खोला!

मित्रांनो, गॅरेज टाकताय? मग माझं एक स्पष्ट मत ऐका. मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक शू बदलताना दोन्ही बाजू एकदम खोलू नका. स्प्रिंग कुठली कुठे हे अडलं, तर दुसरा ड्रम काढून बघा. जुनी जुळणी तिथे तशीच असते, फक्त डावं-उजवं उलट. शू मात्र दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर ब्रेक सारखा लागत नाही. लायनिंगला ग्रीसचा हात नको. धूळ हवा मारून उडवू नका, छातीत जाते. सैल स्प्रिंगही बदला. वेळ लागतो? मजुरी जास्त सांगा, काम कमी करू नका. तुमचं गिऱ्हाईक उद्या मुलाबाळांना घेऊन कसारा घाट उतरणार आहे. तिथे स्वस्त बिल नाही, ब्रेकच लागतो.