आजींच्या ताटातला पंख

मुरबाडकडच्या एका गावातून आजी तपासणीसाठी आल्या होत्या. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. वर्षभरात वजनही उतरले आहे. "दर रविवारी घरात कोंबडी शिजते डॉक्टर, खाण्याची आबाळ नाही," मुलगा म्हणाला. मी आजींनाच विचारले, तुमच्या ताटात काय येते? "पंख नि रस्सा. तंगडी पोरांना लागते."

पंख हलक्या प्रतीचा, हा समज मात्र खरा नाही. ब्रॉयलरच्या एका भाजलेल्या पंखावर हाडे वगळता साधारण 34 ग्रॅम मांस व कातडी निघते. त्यात सुमारे 9 ग्रॅम प्रथिने आणि साडेसहा ग्रॅम चरबी असते. ही चरबी मुख्यतः कातडीत. गावठी कोंबडीच्या पंखावर मांस त्याहून बेताचेच. उतारवयात स्नायू झिजू नयेत म्हणून दर किलो वजनामागे दिवसाला किमान 1 ग्रॅम प्रथिने हवीत, असे वृद्धांच्या आहाराचे अभ्यासक सांगतात. 45 किलोंच्या आजींना म्हणजे 45 ग्रॅम, आणि तीही रोज.

'सारी ताकद रश्शात उतरते' ही आपली जुनी श्रद्धा. रश्शात उतरते ती चव, तेल, मीठ. प्रथिने बहुतांशी तुकड्यातच राहतात. रस्सा पिऊन पोट भरते आणि तुकडा मागे राहतो, हीच खरी अडचण.

तिखटाचे काय, असे सुनेने विचारले. जठरातील व्रणांची मुख्य कारणे म्हणजे एक विशिष्ट जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. मिरचीला उगाच बोल लागतो. जळजळ होत असेल, तर तिखट कमी करावे, इतकेच. मला धास्ती मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ 5 ग्रॅमांहून, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून, कमी असावे. शहापूरजवळ महामार्गावर नातवंडे ज्या तळलेल्या, सॉस माखलेल्या विंग्जवर ताव मारतात, त्यांत मिठावर तेलाचीही भर पडते. रक्तदाब असलेल्या आजोबांनी त्यात वाटेकरी होऊ नये.

शिवाय पंखाची हाडे बारीक. कवळी असलेल्यांना वा गिळताना ठसका लागणाऱ्यांना मांस सोडवून, कातडी काढून, भातात कालवून द्यावे. खिमा तर उत्तमच. इतर दिवशी अंडे, सुकट, घट्ट वरण, दही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आजींची क्रिएटिनीनची तपासणी सांगितली आहे. महिन्याने पुन्हा बोलावले आहे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता येते का, ते तेव्हा पाहू. निघताना सुनेने हळूच विचारले, "तंगडी दिली तर चालेल ना?"