औंढ्याचे देऊळ फिरले, पंढरपूरचे दार उघडायला मात्र १९४७ उजाडले

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला गेलेल्या भाविकाला एक गोष्ट खटकते. नंदी महादेवासमोर नाही, देवळाच्या मागे आहे. कारण गावात कोणीही सांगेल : कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळामागे हाकलले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले.

आख्यायिका म्हणून हे सोडून देता आले असते. पण शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यातल्या एकात हाच अपमान येतो. हीन जातीचा म्हणून भजनातून धरून उठवले, ही तक्रार थेट देवाकडे आहे. म्हणजे मराठी मुलखातल्या एका शिंप्याचे दुखणे पार पंजाबात पोचले आणि तिथे जपले गेले.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० चा, गाव याच जिल्ह्यातले नर्सी. त्यांना गुरू भेटले तेही औंढ्यातच, विसोबा खेचर. समता हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीशी जोडायची आपल्याला सवय. पण त्याआधी पाच शतके गोरा कुंभार, सावता माळी, गंगाखेडची दासी जनाबाई आणि चोखामेळा एकाच विठ्ठलाशी मराठीतून बोलत होते, भांडतही होते.

मात्र ही समता वाळवंटापुरती राहिली, हे मान्य करायला हवे. रोटी-बेटीचे व्यवहार जातीतच होत राहिले. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी बांधली गेली ती महाद्वारासमोर. दाराबाहेर! चोखोबांच्या वंशजांना आत जायला आणखी सहा शतके लागली. त्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

भक्तीने जात मोडेल, यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विश्वास नव्हता. तरीही अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात संपायला तर २०१४ साल उजाडले.

आषाढीला नर्सीहून नामदेवांची पालखी आजही पंढरपूरला जाते. महाद्वारी पोचलेला वारकरी आधी चोखोबांच्या समाधीला हात लावतो, मग नामदेव पायरीला. त्या पायरीवर पाय ठेवायचा नसतो.