सामूहिक संशोधन आणि लेखनाचा अधिकार

सामूहिक प्रकल्पात कोणी कोठे लिहावे, हा प्रश्न संगणक-कक्षावर सोपवून मोकळे होण्याची प्रवृत्ती मराठी विभागांत आढळते. वस्तुतः हा प्रश्न संपादनशास्त्राचा आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. वाचन सर्वांना खुले, लेखन कोणालाही नाही, हा त्यांचा निर्णय संपादकाचाच होता.

युनिक्स आणि तिच्या धर्तीवरील लिनक्स या प्रणालींच्या मूळ रचनेतच हा विवेक आहे. प्रत्येक फाइलच्या बाबतीत स्वामी, गट आणि इतर असे तीन वर्ग मानलेले असून प्रत्येकाला वाचनाचा व लेखनाचा अधिकार निरनिराळा देता येतो. फोल्डरवरील लेखनाधिकार मात्र अधिक जोखमीचा असतो. तो ज्याला मिळतो त्याला आतील दुसऱ्याची फाइलही काढून टाकता येते. पाठचिकित्सेत याचा अर्थ एखादा पाठभेद नाहीसा होणे, असा होऊ शकतो.

पोथ्यांवर आधारलेल्या प्रकल्पास तीन सामायिक फोल्डर पुरेसे आहेत. पहिल्यात पोथ्यांची छायाचित्रे असावीत. ती गटाला केवळ वाचनार्थ. दुसऱ्यात पाठभेदांच्या नोंदी. तेथे गटातील सर्वांना लेखनाधिकार हवा, परंतु ‘स्टिकी बिट’ लावल्यास दुसऱ्याची फाइल पुसण्यास सामान्य सभासदाला प्रतिबंध होतो. त्याच फोल्डरवर ‘सेटजीआयडी’ ही खूण असली की नवी फाइल आपोआप प्रकल्पगटाच्या नावे लागते. मात्र सभासदाचा ‘युमास्क’ ०२२ असेल तर गटाला त्या फाइलीत लिहिता येत नाही. तो ००२ करावा लागतो. तिसऱ्यात सिद्ध संहिता. तेथे लेखणी संपादकाच्याच हाती राहावी.

अशा निर्बंधांनी सहकार्यातील मोकळेपणा नष्ट होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु जेथे सारेच सर्वांना खुले असते, तेथे सर्वांत कनिष्ठ संशोधकाची नोंदच प्रथम पुसली जाण्याचा संभव असतो; आणि जेथे सारे एकाच्या खात्यात असते, तेथे तो निघून गेला की काम अडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. १९४३ मध्ये प्रधान संपादक वि. स. सुकथनकर निवर्तले, तरी कार्य खंडित झाले नाही. कारण ते व्यक्तीचे नव्हते, संस्थेचे होते.

म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत संपादनाच्या नियमांबरोबर अधिकारांचे पत्रकही ठरावे. संगणक-कक्षाने ते अमलात आणावे. ठरवावे मात्र अभ्यासकांनी.