मोजमाप शिक्षकाचे की गावाचे?

बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी व चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी, ही आपल्या राज्यातील शिक्षकांच्या बढतीची जुनी वाट. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने या वाटेवर नवी अट उभी केली. शाळेला ‘शाळासिद्धी’त ‘अ’ श्रेणी हवी आणि नववी-दहावीच्या शिक्षकांचा निकाल ऐंशी टक्क्यांहून अधिक हवा. पुढे २०१९ मध्ये शासनाने ही अट मागे घेतली. तिच्यामागील विचार मात्र मागे गेला, असे आम्हांस वाटत नाही.

बीड जिल्ह्याकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. घरी आजी-आजोबा नसतील तर लेकरे कुणापाशी ठेवणार? तीही फडावर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू लागली, सगळी नव्हेत. धारूर किंवा वडवणी तालुक्यातील शिक्षकाने दुसऱ्या सत्रातील रिकाम्या बाकांचा जाब द्यावा काय? फडावरून परतलेल्या मुलाला एप्रिलच्या उन्हात पुन्हा वाचते करणाऱ्या गुरुजींच्या श्रमांना टक्केवारीत रकानाच नाही.

वस्तुतः कायद्यात अशा नोंदीला जागा आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या अधिनियमाखालील १९८१ च्या नियमावलीनुसार दरवर्षी गोपनीय अहवाल लिहावा लागतो. प्रतिकूल शेरा शिक्षकाला लेखी कळवावा लागतो. अहवाल लिहिलाच नाही, तर त्या काळातील काम समाधानकारक मानले जाते. शिक्षकाला हे मोठे संरक्षण आहे. परंतु व्यवस्थापनाच्या खुर्चीत आम्हीही बसलो आहोत. घाईघाईने ‘चांगले’ एवढेच लिहून सही करण्याचा दोष आमच्याही पदरी आहे. अहवाल असे पोकळ राहिले, की शासनाला टक्केवारीचा आधार घ्यावासा वाटतो.

आता १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. त्याचे काहीही होवो. आपल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे, की यंदाच्या अहवालात स्थलांतरित मुलांची संख्या, ती परतल्याची तारीख आणि त्यानंतर शिक्षकाने घेतलेले जादा तास स्वतंत्र लिहावेत.